न उतरणारी पातळी

ही गोष्ट खरी आहे. कोणाच्या मित्राच्या मित्राकडून ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलेली आहे, आणि शेवटच्या दिवशी मी स्वतः खाली गाडीत बसलेले होते. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. भांडायला मी येणार नाही.

तुम्हाला वाटेल, अमावस्येची रात्र असणार.

नव्हती.

भरदुपार होती. नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधला रविवार. आमचं स्वित्झर्लंडमधलं ला शो-द-फों गाव, बाहेर कमरेएवढं बर्फ आणि त्यावर लख्ख ऊन. भुताला लाज वाटावी असा उजेड होता. म्हणूनच मला अजून त्रास होतो. अंधारात झालं असतं तर भास म्हणून विषय मिटवला असता.

माझी नणंद नादेज. माझ्या नवऱ्याची, इव्हानची, थोरली बहीण. चोपन्न वर्षांची, लग्न केलेलं नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. येताना सॉसेज आणते, माझ्या हातची आमटी ओरपते आणि भांडी घासून जाते. बाकीचे सहा दिवस तिचं घर आणि तिचं काम. घरात कोणी नाही. एक मांजर होतं, ते मेल्यावर तिने दुसरं आणलं नाही.

कामावर मात्र तिचा जीव होता.

जुन्या घड्याळवाल्यांच्या एका इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यांचं वर्कशॉप आहे. सहा माणसं. उपग्रहांना हळूहळू ढकलणारी इवलीशी इंजिनं बनवतात. इंजिन म्हणजे तरी काय, नखाएवढा काचेचा तुकडा. त्या काचेत भोकंच भोकं, डोळ्यांना न दिसणारी. वरच्या बाजूला करवतीच्या दातांसारखी टोकं. खाली एका नळीत मीठ. मीठच, पण नेहमीच्या गारव्यातही मधासारखं पातळ राहणारं. ते भोकांतून वर चढतं, टोकाशी येतं, आणि तिथे व्होल्टेज लावलं की त्याचे कण सुसाट उडतात. त्या धक्क्याने उपग्रह सरकतो. त्या काचेला ते लोक एमिटर म्हणतात.

मी एकदा विचारलं होतं, "अगं, पण त्याला वर ढकलतं कोण? पंप लावता?"

"पंप कशाला लागतोय? मोठ्या भोकांतून बारीक भोकांकडे ते आपणहून जातं. ओढच तशी असते," ती म्हणाली होती.

नादेजच्या शेजारच्या बाकावर ब्लेझ ह्युगनँ बसायचा. साठी उलटलेला, विधुर, मिशा पिवळट. एमिटर घडवण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. वीसेक वर्षं ही दोघं शेजारी बसली, आणि वीसेक वर्षं एकमेकांना अहो-जाहो करत राहिली. तो "मादमोझेल नादेज", ती "मस्यू ब्लेझ". मालकीणबाई सोडल्या तर बाकी सगळ्या वर्कशॉपशी तिचं अरे-तुरे.

मी चिडवायचे, "इथे लोक कुत्र्याला सुद्धा तू म्हणतात गं, त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय?"

ती कानापर्यंत लाल व्हायची. "आमचं श्मोलिट्स झालेलं नाही ना."

ही आमच्याकडची रीत. तुम्हीवरून तूवर यायचं तर दोघांनी पेले भरायचे, कोपरात कोपर अडकवायचं आणि एकदम प्यायचं. त्याआधी तू म्हणणं म्हणजे आगाऊपणा. आणि या दोघांत पहिल्यांदा विचारायचं कोणी, यावरच सगळं अडलेलं.

कामात मात्र दोघांचं एक जुळलेलं होतं. एमिटर चौकटीत बसवताना त्यावर कोणाचा श्वास पडलेला चालत नाही. श्वासातली वाफ भोकांत शिरते आणि तुकडा वाया जातो. म्हणून बसवायची वेळ आली की दोघं एकदम श्वास रोखायची. चिमट्याने ती धरणार, तो खालून चौकट वर आणणार. तुकडा बसला की दोघं एकदम श्वास सोडणार. हुश्श... आणि मग हसणार. तेवढंच काय ते त्यांचं लफडं, असं आमचा इव्हान म्हणतो.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी ब्लेझचा नवा एमिटर असाच बसवला. टाकीत ठेवला, आतली हवा काढून घेतली आणि चालू केला. नळी काठोकाठ भरलेली होती.

ब्लेझ टाकीच्या गोल खिडकीतून बघत म्हणाला, "मादमोझेल, हा जर नळी रिकामी होईपर्यंत चालला ना, तर त्या दिवशी आपण दोघं श्मोलिट्स करू. बाटली माझी."

तिने मान डोलावली.

शनिवारी ब्लेझ अंगणात लाकडं फोडत होता.

तिथेच कोसळला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

सोमवारी ती कामावर गेली. शेजारची खुर्ची रिकामी. कोट अडकवायच्या खुंटीवर त्याचा निळा डगला तसाच.

टाकीतला एमिटर चालू होता.

टाकीशेजारी ब्लेझनेच जुळवलेला एक डबा होता. ते मीठ नासू नये म्हणून व्होल्टेजची दिशा सारखी उलटवावी लागते. तो डबा ते काम करायचा, आणि प्रत्येक वेळी आतून आवाज यायचा.

टक्...

मग थोडा वेळ काही नाही.

टक्...

सगळ्यांना तो आवाज इतका सवयीचा होता की ऐकूच यायचा नाही. त्या सोमवारपासून नादेजला तेवढाच ऐकू यायला लागला.

आता खरी अडचण ऐका. वसंतात एका उपग्रहासाठी अशा एमिटरांचा अख्खा संच द्यायचा होता. एकासारखा एक. ब्लेझ घडवायचा ते चालायचे. नादेजने घडवलेले बुडायचे. म्हणजे मीठ टोकाशी थांबण्याऐवजी बाहेरून ओघळायचं, सगळे दात त्यात बुडायचे, ठिणगी पडायची आणि तुकडा काळा. एक, दोन, चार... सगळे काळे. ब्लेझ काय वेगळं करायचा ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे हो, कोणी विचारलंच नव्हतं.

वर्कशॉपच्या मालकीण मादाम कालाम. बाई चांगली आहे, पण बोलते ती तुकडा तोडल्यासारखं.

"नादेज, टाकीतला काढा. राळेत बुडवा, मधोमध कापा आणि आत बघा," त्या म्हणाल्या.

"कापायचा? मादाम, त्यांचा तो एकच उरलाय."

"म्हणूनच. संच झाला नाही तर हा मजला मला सोडावा लागेल. मग लोरां काय करणार? जुळी मुलं आहेत त्याला. तुम्ही काय करणार, चोपन्नाव्या वर्षी?"

लोरां म्हणजे त्यांच्यातला जोडणीवाला. तो तिकडे तोंड करून स्क्रू पिळत बसला होता, कान मात्र इकडे.

नादेज म्हणाली, "नळी रिकामी होऊ द्या. तेवढी चाचणी पुरी करू. मग मी माझ्या हाताने कापते."

मादाम कालाम बोटांनी टेबल वाजवत राहिल्या. "किती लागेल?"

"नाताळापर्यंत संपेल."

"ठीक आहे. नळी रिकामी झाली की कापायचा. त्यात बदल नाही."

नादेजने खिडकीच्या काचेवर पातळीच्या रेषेत पेनने बारीक रेघ मारली. एका आठवड्याने पातळी रेघेखाली दिसायला हवी होती.

नव्हती.

तिला वाटलं, आपण नीट बघितलं नसेल. डोळा खालीवर झाला असेल. आणखी एक आठवडा गेला.

पातळी रेघेवरच.

मीटर मात्र सांगत होता की एमिटर जोरात चालू आहे. कण उडताहेत. मग नळीतलं कमी का होत नाही? उडतंय ते येतंय कुठून?

लोरांने विचारलं, "काय गं, उतरतेय का?"

"उतरतेय की," ती म्हणाली.

का म्हणाली? तिचं तिलाही कळलं नाही. आयुष्यात खोटं बोललेली बाई नाही ती. पण मोजमाप चुकलंय असं म्हटलं असतं तर टाकी उघडली असती. टाकी उघडली असती तर तो तुकडा कापला असता.

आणि तो डबा गप्प झाला असता.

त्याच दिवसांत मला ती वाळलेली दिसायला लागली. विजारी कमरेला पट्ट्याने आवळून बांधायची. आणि मीठ! बटाट्यावर मीठ, पावावर मीठ, चीज मुळातच खारट, त्यावर मीठ. आमटीत चमचाभर मीठ घालून ढवळायला लागली तेव्हा मी भडकले.

"माझ्या आमटीला काय धाड भरलीय?"

"अळणी लागतंय गं सगळं," ती म्हणाली, आणि बोटाला लागलेलं मीठ चाटलं. पण दुःखात माणूस काय काय करतं, म्हणून मी सोडून दिलं. चुकलंच माझं.

नाताळात वर्कशॉप बंद झालं. सगळे आपापल्या गावी गेले. मादाम कालाम डोंगरावर बर्फात घसरायला गेल्या.

मधल्या रविवारी नादेज आमच्याकडे आलीच नाही. फोन करून म्हणाली, सर्दी आहे.

सर्दी नव्हती. ती वर्कशॉपमध्ये होती.

तिने स्वतः एक नवा एमिटर घडवला होता आणि तो चौकटीत बसवून बघायचा होता. अख्ख्या इमारतीत ती एकटी. खाली रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही. बर्फाने सगळे आवाज गिळून टाकलेले. मोठमोठ्या खिडक्यांतून ऊन थेट बाकावर पडलेलं. कोपऱ्यात टाकी.

टक्...

एकटीने बसवायचं म्हणजे कठीण. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात चौकट. तिने मान खाली घातली आणि श्वास रोखला.

तुकडा हळूहळू खाली आणला.

आणखी थोडा.

चौकट आपोआप एक केसभर वर आली... म्हणजे तिला तसं वाटलं. तुकडा अलगद बसला.

आणि तिच्या डाव्या कानाशी कोणीतरी श्वास सोडला.

हुश्श...

ती हलली नाही.

कारण तिचा स्वतःचा श्वास अजून तिच्या छातीतच होता.

किती वेळ ती तशीच बसून राहिली, तिला आठवत नाही. छाती फुटायला आली तेव्हा तिने श्वास सोडला. डावीकडे बघितलं. रिकामी खुर्ची. खुंटीवरचा डगला. पलीकडची खिडकी बंद, कड्याही लावलेल्या.

मग ती पळाली. कोट न घालता, जिने उतरून, बर्फातून घरापर्यंत. दार लावून घेतलं आणि दिवे लावून बसली.

आणि आता जे सांगते ते तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "वृषाली, घरी येऊन बसले ना, तर इतकं शांत होतं गं. मी कान देऊन ऐकत होते. फ्रीज बंद झाला की काहीच नाही. माझ्या घरात इतकी वर्षं माझ्याशिवाय दुसऱ्या माणसाने श्वास घेतलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

ती गेली की तुकडा बसवायची. बसलेला काढायची, पुन्हा बसवायची. श्वास रोखायची आणि वाट बघायची. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने... पण यायचा तो. तिच्या आधी एक क्षण. मग ती आपला श्वास सोडायची आणि हसायची. एकटीच.

मग बोलायलाही लागली. "मस्यू ब्लेझ, आज ऊन छान आहे." "मस्यू ब्लेझ, तुमच्या डगल्याचं बटण लावलं मी." उत्तर यायचं नाही. फक्त तो डबा...

टक्...

पातळी रेघेवरच. जराही खाली नाही.

आणि हिच्या अंगावरचं मांस उतरत चाललेलं.

सुट्टी संपली, लोकं परतली. जानेवारीतल्या एका सकाळी लोरां सगळ्यांच्या आधी आत शिरला, तर नादेज टाकीसमोर जमिनीवर पडलेली. डोळे उघडे, ओठ पांढरे. तिथूनच त्याने मला फोन लावला.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं. डॉक्टरीण माझ्या वयाची होती. कागद चाळत म्हणाली, "शरीरातलं मीठ फारच कमी झालंय. जेवतात ना नीट?"

"मीठच खाते हो ती," मी म्हणाले.

"मग जातंय कुठे?"

ते तिलाही कळलं नाही. सगळ्या तपासण्या झाल्या. मूत्रपिंडं ठीक, बाकी सगळं ठीक. कशातच काही नाही.

त्याच संध्याकाळी, खाटेवर पडल्या पडल्या, नादेजने मला सगळं सांगितलं. शांतपणे. जसं कोणी बाजारात काय घेतलं ते सांगावं तसं.

मला आधी रडू आलं, मग राग आला. "त्या काचेच्या तुकड्यापायी मरायचंय का तुला? अगं, तुझ्याच अंगातलं जातंय ते! नळीतलं नाही जात, मग कुठलं जातंय, हे तुला समजत नव्हतं?"

ती छताकडे बघत होती.

"समजत होतं," ती म्हणाली. "वजनकाटा आहे की घरी."

"मग?"

"मग काय... तिथे कोणीतरी आहे, वृषाली. घरी कोणी नाही."

बावीस वर्षं रविवारचं एक जेवण घालून मला वाटत होतं, आपण हिचं फार करतो.

तिला घरी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मादाम कालामचा फोन. त्यांनी स्वतः खिडकीतून नळी बघितली होती.

"ही तर भरलेली आहे! तुम्ही उतरतेय म्हणून सांगत होतात. एमिटर तुंबलाय आणि मीटर बिघडलाय, दुसरं काय? इतके दिवस आपण बंद पडलेल्या गोष्टीची राखण केली. उद्या सकाळी लोरां तो काढून कापेल."

नादेज म्हणाली, "मादाम, बंद मी करते. आज. मग उद्या कापा."

मी तिला गाडीतून नेलं. दुपार होती, बारीक हिम पडत होतं. वर येते म्हटलं तर नको म्हणाली. "अर्ध्या तासात आले नाही तर ये." मी इंजिन चालू ठेवून खाली बसले. रामरक्षा अर्धीच आठवत होती.

वर काय झालं ते तिने सांगितलं तसं सांगते.

आत कोणी नव्हतं, सगळ्यांना मादामनी लवकर सोडलं होतं. तिने व्होल्टेजचं बटण फिरवून शून्यावर आणलं.

मीटरवरचा आकडा तसाच.

तिने भिंतीतला प्लग उपटला. वायर हातात धरून उभी राहिली.

टक्...

डब्याला वीज नव्हती. प्लग तिच्या हातात होता.

टक्...

आकडा तसाच. पातळी रेघेवर.

आणि तिला भीती वाटली नाही. हे तिने मला दोनदा सांगितलं. तिला एवढंच वाटत होतं की खुर्ची ओढावी आणि इथेच बसून राहावं. कोणी न्यायला येईपर्यंत. किंवा कोणी न आलं तरी.

तिने खुर्ची ओढलीसुद्धा. बसली. कोपऱ्यात लोरांच्या बाकावर त्याच्या जुळ्यांचा फोटो होता, चिकटपट्टीने लावलेला. दोघांचेही पुढचे दात पडलेले. ती त्या फोटोकडे बघत राहिली.

मग उठली आणि ब्लेझचा खण उघडला. त्याने म्हटल्याप्रमाणे बाटली त्याचीच होती, न उघडलेली. इथल्या मुळांची कडू दारू, ती मला वासानेही चढते. तिने दोन पेले भरले. एक त्याच्या बाकावर ठेवला. दुसरा हातात घेऊन कोपर वाकवलं, जसं कोणाच्या कोपरात अडकवावं तसं, आणि एका घोटात प्यायली.

"ब्लेझ," ती म्हणाली. नुसतं ब्लेझ. "झालं आपलं श्मोलिट्स. आता तू ऐक माझं. या पोरांच्या घरात चूल पेटायला हवी. मला तो तुकडा कापायचाय. तू जा आता."

काही नाही.

"जा रे," ती म्हणाली. "मी राहीन एकटी."

खिडकीबाहेर हिम पडत होतं.

मग अगदी जवळून, डाव्या बाजूने...

हुश्श...

या वेळी लांब. थकलेला माणूस घरी येऊन बूट काढतो तेव्हा सोडतो तसा.

मीटर शून्यावर आला.

डबा वाजला नाही. तिने वाट बघितली. वाजलाच नाही.

तिने वाकून खिडकीतून नळी बघितली. रिकामी होती. कोरडी, धुऊन पुसून ठेवल्यासारखी. रेघेपर्यंत भरलेलं मीठ गेलं कुठे, देव जाणे. बाकावरचा दुसरा पेला मात्र भरलेलाच होता. सिनेमात दाखवतात तसलं काही झालं नाही. तिने तो बेसिनमध्ये ओतला, दोन्ही पेले धुतले आणि खाली आली.

गाडीत बसताना म्हणाली, "चल."

एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने तुकडा कापला. स्वतः. लोरां नको म्हणत होता तरी. राळेत घट्ट केला, मधोमध कापला, घासून मायक्रोस्कोपखाली धरला, आणि ब्लेझची सगळी करामत समोर आली. त्याने काचेची पूड थर देऊन भाजली होती. तळाशी जाड दाणे, वर वर जावं तसे बारीक, टोकाशी सगळ्यात बारीक. म्हणून मीठ टोक मागेल तेवढंच वर जायचं, ओघळायचं नाही. नादेज सगळीकडे एकसारखी पूड वापरत होती. साधी गोष्ट. मादाम कालामनी स्वतः वाइनची बाटली उघडली. लोरां तिला उचलून गोल फिरला.

संच झाला. वेळेत गेला. मजला राहिला.

नादेजचंही वजन परत आलं. गाल भरले, मिठाचं वेड गेलं. डॉक्टरीण खूश, मी खूश. मी तिच्यासाठी रविवारचे बुधवार-रविवार केले. ती येते, जेवते, हसतेही. एकदा भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून, म्हणाली, "बरी झाले गं मी. तेच काय ते वाईट झालं."

मी नळ मोठा सोडला आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

आता त्या टाकीत तिने स्वतः घडवलेला एमिटर आहे. ब्लेझच्या रीतीने थर दिलेला. सुरुवातीला दर सोमवारी सगळे मिळून खिडकीतून बघायचे. पातळी उतरलेली असायची, उतरायला हवी तेवढीच, आणि सगळे खूश व्हायचे. लोरांने मला हळूच सांगितलं, "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो. पातळी उतरलेली दिसली की तिचं तोंड उतरतं. दर वेळी. का ते कळत नाही."

मला कळतं.

गेला महिनाभर लोरां उपग्रहवाल्यांकडे जोडणीच्या कामाला गेलाय, बाकीचे नव्या कामात गुंतलेत. खिडकीतून बघायचं काम आता एकट्या नादेजकडे आहे.

काल रविवार होता. मी ताट वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "पातळी उतरतेय ना गं?"

"उतरतेय की," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून छान हसली.

डिसेंबरातही ती अगदी हेच म्हणायची.